खाडीतला ठोका

शुक्रवार, १६ जानेवारी. सकाळी नऊला कॉलेजात पोचले. अकराला तोंडी परीक्षा सुरू झाली, एकला संपली. संक्रांत परवाच झाली म्हणून सगळ्यांना तिळाच्या वड्या दिल्या. जेवण तिथंच झालं. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांना गाडीत बसवून दिलं आणि साडेचारला घरी आले. गॅलरीत अजून ऊन आहे.

नाना, मी पीएच.डी. झाले. कागद हातात यायला महिना-दोन महिने लागतील, पण परीक्षकांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, म्हणजे झालंच. सेहेचाळिसाव्या वर्षी झालं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्ही होतात तेव्हा मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि कोणी विचारलं तर तुम्ही 'पोरगी कॉलेजात मशीन शिकवते' एवढंच सांगायचात. ते बरोबरही होतं. समुद्राचा विषय बराच नंतर आला. मी पाण्याखालचे आवाज अभ्यासते. नाशिकला राहून समुद्राचा अभ्यास म्हटल्यावर लोक हसतात, आता मला त्याची सवय झाली आहे. आमच्या ऑफिसमधले क्लार्क माझा रजेचा अर्ज हातात घेतला की विचारायचे, "मॅडम, पुन्हा बुडायला चाललात?" मी हो म्हणायचे. ते सही करायचे.

विषय तुम्हाला समजेल असाच आहे. पाणबुडीला खिडकी नसते. असून उपयोगही नसता, कारण खोल पाण्यात उजेड पोचत नाही. आतली माणसं कानांवर चालतात. कुठलं जहाज कुठे आहे, केवढं आहे, जवळ येतंय की लांब जातंय, हे त्यांना ऐकून ठरवावं लागतं. आणि पाणबुडी शोधणारेही तिला ऐकूनच शोधतात. अडचण अशी, की समुद्र शांत नसतो. एक बारीक कोळंबी असते, ती नांगी मिटून टिचकी मारते. अशा हजारो असतात, त्यामुळे फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज दिवसभर चालू असतो. काही मासे पोटातून घुमल्यासारखा आवाज काढतात. शिवाय लाटा, पाऊस, ट्रॉलर. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तर हे सगळं वरच्या पृष्ठभागावर आणि तळावर आपटून एकात एक मिसळतं. या गोंगाटात पाणबुडीचा आवाज ओळखायचा तर आधी गोंगाट ओळखीचा पाहिजे. कुठल्या वेळी, कुठल्या भरतीला, कशाचा आवाज किती, एवढंच माझं काम. ते करायला मला सात वर्षं लागली.

पहिल्यांदा समुद्रावर जायच्या आधी आम्ही यंत्र घोटीच्या मळ्यात, आपल्या विहिरीत सोडून पाहिलं. यंत्र म्हणजे पाण्यात सोडायचा माईक, लांब केबल आणि वर एक पेटी. आपल्या धाकट्याने, मळा आता तोच बघतो, विचारलं, आपल्या विहिरीत पाणबुडी शिरल्याची तक्रार आली आहे का. आई काठावर बसली होती. मी हेडफोन तिच्या डोक्यावर घातला. पदर सावरत ती कितीतरी वेळ गंभीरपणे ऐकत राहिली. मला वाटलं, बेडकांचा आवाज ऐकते आहे. मग ती म्हणाली, "ही तर खालच्या आळीतल्या काकांची मोटर." मी म्हटलं, ती विहीर दोन शेतं पलीकडे आहे. ती म्हणाली, मग काय झालं, मोटर त्यांचीच आहे, सुरू होताना कण्हते. धाकटा मोटरसायकल काढून बघून आला. मोटर त्यांचीच होती. त्या दिवशी आम्ही तिघं फार हसलो. तुम्ही असतात तर हेडफोन सोडला नसतात.

तुमच्या कानांचं मला अजून नवल वाटतं. शेवटच्या वर्षांत आम्ही स्वयंपाकघरातून मारलेली हाक तुम्हाला पुढच्या खोलीत ऐकू यायची नाही. सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार. पण आईचा मिक्सर वेगळा वाजला की तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचात, टोक मिक्सरला लावून मूठ कानापुढच्या हाडाला टेकवायचात आणि सांगायचात, की अजून दिवाळीपर्यंत चालेल. तो तेवढाच चालायचा. आई म्हणायची, यांना बायकोचं ऐकू येत नाही, मिक्सरचं येतं. तुम्हाला तेही ऐकू यायचं नाही, म्हणून ती मोठ्याने म्हणायची.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तुम्ही मला एका रविवारी कंपनीत नेलं होतं. रविवारी उत्पादन बंद, फक्त दुरुस्तीची माणसं. तुम्ही सुपरवायझरना आधी विचारून ठेवलं होतं. मी आईने इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस घालून आले आहे आणि ओढणी कुठे अडकू नये म्हणून तुम्ही ती मला कमरेला घट्ट बांधायला लावली आहे. तुम्ही एक ब्लोअर चालू करता, माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर देता, बेअरिंगची जागा दाखवता. मी मूठ कानात घालायला जाते, तुम्ही मनगट धरून ती पुढे हाडावर आणता. विचारता, आला का आवाज. मी म्हणते, आला. कसला, विचारता. मी म्हणते, खरखर येते आहे. शेजारी तुमचे जोडीदार फिटर उभे आहेत, ते दुसरीकडे बघायला लागतात. तुम्ही मला अगदी हळू विचारता, "आवाज आला, का मी विचारलं म्हणून आला?"

ते बेअरिंग तुम्ही त्याच आठवड्यात नवं बसवलेलं होतं. त्यात खरखर नव्हती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, फक्त गुणगुण होती, पण तुमच्या जोडीदारासमोर मला मठ्ठ दिसायचं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. एक लाकडी खोका उलटा करून दिलात आणि म्हणालात, "आधी चांगलं मशीन कसं वाजतं ते ऐक. लय वेळ ऐक. बिघडलेलं मंग आपोआप कळंल." मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथं बसून होते. दुपारी डबा खाताना तुम्ही तुमच्या वाटणीची शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर घातलीत आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाहीत. घरीही सांगितलं नाहीत.

आता समुद्राचं सांगते. रत्नागिरीच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी आम्ही वर्षातून चार-पाचदा रेकॉर्डिंग करायचो. मासेमारीची एक लहान बोट भाड्याने घ्यायची, नांगर टाकायचा, इंजिन बंद करायचं आणि माईक खाली सोडून बसायचं. बोट चालवणारे, तिकडे त्यांना तांडेल म्हणतात, साठीचे होते, कमी बोलणारे. मला प्रत्येक वेळी बोट लागायची. ओकून झालं की ते न बोलता लिंबू कापून द्यायचे. दुसऱ्या वर्षी आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक ठोका सापडला. टक-टक, मग थोडं थांबून टक. भरतीचं पाणी आत येताना तो सुरू व्हायचा, पाण्याचा जोर वाढला की भरभर व्हायचा, पाणी थांबलं की थांबायचा, ओहोटी लागली की पुन्हा सुरू. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती असते, तेव्हा सगळ्यात जास्त. तुम्हीच सांगा, पाण्याच्या वेळा पाळणारी गोष्ट जिवंतच असणार ना. तिकडे ढोमा नावाचा मासा भरपूर, आणि त्या जातीचे मासे आवाज काढतात हे माहीत होतं. मी तांडेलांना दहा वेळा विचारलं, इथं ढोमा असतो का, भरतीला आत येतो का. ते म्हणायचे, असतो, येतो. झालं. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम केलं ते, फार मोजकं कौतुक करणारे. पण त्या आलेखाची प्रत त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. गोव्याच्या एका परिषदेत मी तो ठोका स्पीकरवर ऐकवला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या, नाना. हे पत्र मी त्याच प्रकरणाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, कारण ते प्रकरण नंतर प्रबंधातून काढून टाकावं लागलं.

झालं असं. चौथ्या वर्षी एका सकाळी आम्ही नांगर टाकून बसलो होतो. पाणी थांबलेलं होतं. माईक वर काढून ठेवला होता आणि मी बोटीच्या मागच्या टोकाला फळीवर बसून दशम्या खात होते. पाणी आत यायला लागलं तशी बोट नांगरावर वळली. थोड्या वेळाने मला फळीतून मांडीला काहीतरी लागल्यासारखं झालं. टक-टक, मग टक. हेडफोन माझ्या कानांवर नव्हता. माईक पाण्यात नव्हता. तांडेलांच्या हत्यारांच्या डब्यात एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. मी मागचं झाकण उचललं, खाली उतरले आणि पाण्यातला पंखा फिरवणारा इंजिनाचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथं टोक लावून मूठ हाडाला टेकवली.

तांडेल वरून वाकून बघत होते. काय ऐकता मॅडम, म्हणाले. मी विचारलं, हा आवाज कसला. ते म्हणाले, शाफ्टचा, त्याला धरून ठेवणारं मागचं बुश झिजलंय. इंजिन बंद असलं तरी पाण्याला ओढ असली की पंखा आपला आपण फिरतो आणि शाफ्ट ठोकतो. मी विचारलं, कधीपासून. दोन-तीन वर्षं झाली असतील, म्हणाले. मी म्हटलं, मग मला कधी सांगितलं नाहीत?

"तुम्ही माशांचं विचारायच्या," ते म्हणाले. "शाफ्टचं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

खरंच, नाना, मी त्या माणसाच्या कानाला एकदाही हेडफोन लावला नव्हता. आईला लावला होता. मी त्यांना शाफ्ट दोरीने जाम बांधायला सांगितला आणि माईक खाली सोडला. ठोका नाही. दोरी सोडली, ठोका आला. असं चार वेळा केलं. चौथ्यांदा गाठ मारताना ते म्हणाले, "घ्या मॅडम, बांधले तुमचे मासे." मी इतकी हसले, की त्या दिवशी मला बोट लागायची राहिली. हसत होते आणि त्या प्रकरणाची बेचाळीस पानं डोळ्यांपुढे दिसत होती. परत येताना एसटीत घाटातून वर चढताना मात्र हसू आलं नाही. प्रकरण गेलं तर प्रबंधात उरतं काय, हा विचार होता. टाळ्यांचाही होता. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. आणि खरं म्हणजे ते रेकॉर्डिंग खोटं होतं असं कोणाला कधी कळलंही नसतं. ती खाडी, ती बोट, तो तांडेल, तिथं दुसरं कोण जाणार होतं?

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विचारलं, दोरी बांधल्यावर गेला? मी म्हटलं, गेला. सोडल्यावर आला? आला. मग संपलं, म्हणाले. मला वाटलं, आता मी उठावं. तर सर हसायला लागले. हसताना त्यांना खोकला आला, पाणी द्यावं लागलं. म्हणाले, "म्हणजे आपण गोव्याला जाऊन शाफ्टच्या सवयी सांगून आलो." मग काचेखालचा आलेख त्यांनी स्वतः काढला. त्याच आठवड्यात आम्ही परिषदेला पत्र पाठवून निबंध मागे घेतला. शाफ्ट बांधून सगळं रेकॉर्डिंग पुन्हा करायला दीड वर्ष गेलं. सर निवृत्तीनंतरही माझ्यासाठी कॉलेजात येत राहिले. माशांच्या जागी एक नवं प्रकरण आलं, आपल्याच बोटीचा आवाज कसा ओळखावा आणि तो रेकॉर्डिंगमधून कसा वेगळा करावा, यावर. मला ते प्रकरण म्हणजे झाकलेलं भोक वाटायचं. आज परीक्षक सगळ्यात आधी त्यावरच बोट ठेवणार आणि तिथंच सगळं कोसळणार, याची मला खात्री होती. आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

त्यांनी तिथंच बोट ठेवलं. पण म्हणाले, प्रबंधातलं हे सगळ्यात उपयोगाचं पान आहे. त्यांचा सगळा जन्म याच कामात गेला आहे. ते सांगत होते, की पाणबुडीवर नव्या माणसाला आधी महिनोनमहिने स्वतःच्याच बोटीचे पंप, पंखे, झडपा ऐकायला लावतात, कारण ते ओळखता आले नाहीत तर माणूस स्वतःलाच शत्रू समजतो. मला तुमचा लाकडी खोका आठवला. मग त्यांनी विचारलं, ही स्क्रूड्रायव्हरची पद्धत कुठल्या पुस्तकातली. मी म्हटलं, पुस्तकातली नाही, माझे वडील सातपूरला फिटर होते, ते असं ऐकायचे. त्या हॉलमध्ये मी वीस वर्षं ये-जा करते आहे, पण स्वतःच्या घरचं काही बोलायची ती पहिलीच वेळ. परीक्षक म्हणाले, दाखवा बघू.

वर्कशॉपमधून स्क्रूड्रायव्हर आणवला. कॉरिडॉरमध्ये हॉलच्या एसीचं बाहेरचं यंत्र आहे, त्याच्यापुढे सगळे उभे राहिले. परीक्षक कोट घालून, एका हातात तिळाची वडी धरून खाली वाकले. त्यांनी मूठ कानात घातली. मी त्यांचं मनगट धरून ती हाडावर आणली. मग मी ऐकलं आणि सांगितलं, की पंख्याचं बेअरिंग जायला आलं आहे, उन्हाळा निघणार नाही. सर ऐकून हो म्हणाले. आमच्या विभागप्रमुखांनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवल्यासारखा केला आणि लगेच मान डोलावली, हो हो, येतोय की आवाज. तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला होता, नाना. मी वडी तोंडात टाकली.

आईला फोन केला. ती म्हणाली, पास झालीस ना, मग आता पाण्यात जाऊ नको. मी म्हटलं, मार्चमध्ये पुन्हा जायचं आहे. ती म्हणाली, तुझ्या बापालाही नोकरी सुटली तरी मशीन सुटलं नव्हतं. आणि मग धाकट्याला हाक मारून पेढे आणायला पाठवलं, ते मला फोनवर ऐकू आलं. मी आज फार आनंदात आहे. घरी येताना जिना चढले तेही मला आठवत नाही.

एक सांगायचं राहिलं. परीक्षा संपताना परीक्षकांनी विचारलं, की हे तुमच्या लक्षात आल्यावर तुम्ही काय केलंत. मी बोलायच्या आत सर म्हणाले, खात्री झाली त्याच दिवशी ती माझ्याकडे आली. सरांना तसंच वाटतं. त्यांना वाटतं, मधले दिवस मी रेकॉर्डिंग तपासत होते. परीक्षक म्हणाले, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक यू म्हटलं. नाना, खात्री मला बोटीवरच झाली होती. मी सरांकडे गेले ती तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांत मी माशांच्या प्रकरणातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि सरांना सांगेन असंही वाटत नाही. त्यांचं आजचं हसू मला राहू द्यायचं आहे. तुम्हाला सांगितलं.

कागद संपला. ऊन गॅलरीतून गेलं आहे. येताना मेथीची जुडी आणली होती, ती पिशवीतच राहिली. आता वर्तमानपत्र पसरून ती निवडायला घेते.